स्ट्रॉबेरी संपता संपता, कैरी येता येता: घरच्या ओव्हनमधलं ओट्सचं क्रंबल

मार्च लागला की साताऱ्याच्या मंडईत दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसायला लागतात. एकीकडे महाबळेश्वर-पाचगणीकडून आलेली शेवटच्या तोड्यांची स्ट्रॉबेरी, बारीक, जरा आंबट आणि डिसेंबरच्या मानानं बरीच स्वस्त. दुसरीकडे वर्षातली पहिली कैरी. दोघींची गाठ जेमतेम तीन-चार आठवडे पडते, आणि त्या आठवड्यांत आमच्या घरी क्रंबल होतं.

क्रंबल म्हणजे खाली आंबटगोड फळ आणि वर लोणी, पीठ, साखर, ओट्स यांचा खरबरीत चुरा, एकाच भांड्यात भाजलेलं. यात अंडं नाही, बेकिंग पावडर नाही, फुगायची काळजी नाही. ज्यांनी ओव्हन घेऊन नुसता पावच गरम केलाय, त्यांनी केकच्या आधी हे करून बघावं असं मला मनापासून वाटतं. चुकलं तरी खाण्याजोगं राहतं, आणि पहिल्या प्रयत्नात तेवढा धीर पुरतो.

मूळ पदार्थ इंग्लंडचा, आणि तिथं त्यात सगळ्यात लाडका असतो रुबार्ब. माझी धाकटी जाऊ यॉर्कशायरमध्ये राहते, तिच्याकडे मी तो पहिल्यांदा खाल्ला. रुबार्ब म्हणजे लांब, गुलाबी-हिरवे, करकरीत आंबट देठ. दिसायला सेलरीसारखे, पण कुळ पाहाल तर आपल्या आंबट चुक्याचं. चुक्याची भाजी खाणाऱ्या माणसाला रुबार्बची चव पहिल्या घासाला ओळखीची वाटते, मलाही वाटली. यॉर्कशायरमधल्या वेकफील्डच्या आसपास तो हिवाळ्यात अंधाऱ्या, उबदार शेडमध्ये वाढवतात. आधी मुळं बाहेर थंडीत ठेवायची, मग आत आणायची. उजेड लागला तर देठ राठ होतात, म्हणून काढणीसुद्धा मेणबत्तीच्या उजेडात. त्या भागाच्या या रुबार्बला २०१० साली युरोपात भौगोलिक नावाचं संरक्षण मिळालं. आपल्या महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते वर्षही २०१०च, आणि हा योग मला फार आवडतो.

साताऱ्यात रुबार्ब पिकत नाही. त्याच्या मुळांना हिवाळाभर कडक थंडी लागते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दवबिंदू गोठले की पेपरात फोटो येतो, पण एक-दोन पहाटेंवर ते झाड जगत नाही. तुम्हाला तो कुठून मिळालाच, ताजा किंवा डबाबंद, तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. खायचा तो फक्त देठ. पानं विषारी असतात, ती सरळ टाकून द्यायची. भाजीत नाही, गुरांनाही नाही. आणि देठातही ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं, तेव्हा मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी पालक-अळूला जो हात राखतो तोच इथं राखावा. आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण मला हे विचारणारे भेटलेत: काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारी रेवंदचिनी ही रुबार्बच्याच जातीच्या झाडाची मुळी आहे. ती रेचक आहे, औषध आहे. क्रंबलमध्ये घालायची नाही.

मग इथं आंबटपणा कुठून आणायचा? चुका घालून बघावासा वाटेल, पण तो शिजला की लगदा होतो आणि पालेभाजीचा वास गोडात राहतो. कैरी मात्र ही जागा चोख भरते. इंग्लंड-अमेरिकेत स्ट्रॉबेरी आणि रुबार्बची जोडी जुनी आहे, कारण एकीचा वास आणि दुसऱ्याचा आंबटपणा. तेच काम आपल्याकडे स्ट्रॉबेरी आणि कैरी करतात. नुसत्या स्ट्रॉबेरीचं क्रंबल मी करत नाही. भाजल्यावर ती एकसुरी गोड होते, आणि वरच्या गोड चुऱ्याला खाली तोलायला काहीच उरत नाही.

आधी भांडं

हे मी सामानाच्या आधी सांगतेय, कारण माझं पहिलं क्रंबल भांड्यानं घालवलं. केकचा अॅल्युमिनियमचा डबा घेतला होता. आंबट फळ त्यात पाऊण तास उकळलं आणि कडेकडेच्या फळाला धातूची चव आली. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात आमटी कळकते हे आपल्याला माहीत असतं. इथं कैरी आहे, मग अॅल्युमिनियम कसं चालेल, हा विचार मला तेव्हा सुचला नाही. काचेचं ओव्हनमध्ये चालणारं भांडं घ्या, नाहीतर चिनी मातीचं, नाहीतर स्टीलचा खोलगट डबा. साधारण २० सेंटिमीटर लांबी-रुंदीचं आणि ५ सेंटिमीटर खोल. काचेचं भांडं फ्रिजमधून काढून थेट तापल्या ओव्हनमध्ये ठेवू नका, तडकतं.

सहा जणांसाठी सामान

फळाला: स्ट्रॉबेरी ४०० ग्रॅम, सोललेल्या कैरीच्या फोडी २०० ग्रॅम (दोन मध्यम कैऱ्या), साखर ११० ग्रॅम, कॉर्नफ्लॉवर दोन मोठे चमचे, अर्धा चमचा सुंठपूड, चिमूटभर मीठ.

चुऱ्याला: मैदा किंवा कणीक १२० ग्रॅम, ओट्स ८० ग्रॅम, साखर ८० ग्रॅम, थंड बटर १०० ग्रॅम, जाडसर कुटलेले कच्चे शेंगदाणे मूठभर.

रुबार्ब मिळाला असेल तर ६०० ग्रॅम देठ, साखर १२० ग्रॅम आणि कॉर्नफ्लॉवर दीड चमचा. सुंठेबरोबर संत्र्याची थोडी साल किसून घाला, रुबार्बला ती फार शोभते. डबाबंद रुबार्ब पाकातला असतो. पाक पूर्ण निथळून घ्या आणि साखर निम्म्यावर आणा.

वजनकाटा असेल तर वापराच. नसेल तर १५० मिलीलीटरच्या वाटीनं दीड वाटी पीठ, जवळजवळ तेवढेच ओट्स, आणि पाऊण वाटीहून थोडी कमी साखर. बटरची १०० ग्रॅमची पिवळी वडी किराणा दुकानात मिळते, ती अख्खी लागते. तिच्यात मीठ असतंच, म्हणून चुऱ्यात वेगळं घालू नका.

ओट्स घेताना पाकीट नीट वाचा. चपटे, अख्खे दिसणारे रोल्ड ओट्स हवेत. तीन मिनिटांत शिजणारे बारीक ओट्स वाफेनं चिकट होतात आणि चुऱ्याचा पिठलं-भात होतो. मसाला ओट्स तर अजिबात नाहीत. कणीक घेतली तर चुरा खमंग होतो पण थोडा जड, मैद्यानं हलका. मी अर्धी-अर्धी घेते. साखरेऐवजी निम्मा गूळ चालतो, बारीक चिरून किंवा पावडरचा. सगळाच गूळ घातला तर रंग सुंदर येतो, पण गूळ हवेतला ओलावा ओढतो आणि चुरा संध्याकाळपर्यंत मऊ पडतो.

फळाची तयारी

स्ट्रॉबेरी आधी धुवा, मग देठ काढा. उलट केलं तर देठाच्या भोकातून पाणी आत जातं आणि तेच पाणी पुढं चुरा भिजवतं. पसाऱ्यावरचे खोके घेतले तर खालच्या थरातली फळं दबलेली असतात, ती क्रंबलला चालतात. बुरशी धरलेलं एकही चालत नाही, आणि त्याला चिकटलेलं शेजारचंही काढून टाका. बारीक फळं अख्खी ठेवा, मोठ्यांचे दोन भाग. त्याहून बारीक चिरू नका, भाजल्यावर जॅम होईल.

कैरी आंबट, घट्ट आणि कोय न धरलेली बघून घ्या. सुरी आतून सहज गेली पाहिजे. देठाकडचा भाग कापून कैरी अर्धा तास पाण्यात ठेवा म्हणजे चीक निघून जातो. मग सोलून एक सेंटिमीटरच्या फोडी करा. स्ट्रॉबेरीपेक्षा ती उशिरा शिजते, त्यामुळे फोड लहानच हवी. रुबार्बचं उलट: तो पटकन विरघळतो, म्हणून त्याचे तुकडे अडीच-तीन सेंटिमीटरचे. जाड देठ असेल तर वरचे धागे शेवग्याच्या शेंगेसारखे ओढून काढा.

साखर, कॉर्नफ्लॉवर, सुंठ आणि मीठ कोरडंच एकत्र करा. कॉर्नफ्लॉवर साखरेत मिसळून गेलं की गुठळी होत नाही. निम्मं मिश्रण कैरीला चोळून पंधरा मिनिटं ठेवा. स्ट्रॉबेरीला मात्र आत्ता साखर लावू नका, ती लगेच रस सोडते. चुरा तयार झाला आणि ओव्हन तापला की मगच स्ट्रॉबेरी आणि उरलेली साखर घालून हलक्या हातानं कालवा. कालवल्यावर एक फोड चाखा. डोळा बारीक व्हायला हवा, पण मिटायला नको. मिटला तर साखर दोन चमचे वाढवा.

चुरा: इथं वेळ द्या

कुठल्याही मराठी घरात ज्यांनी करंजी-शंकरपाळ्याचं पीठ भिजवलंय, त्यांना हे काम येतं. हे मोहनच आहे. फरक एवढाच की करंजीला मोहन कडकडीत गरम घालतो आणि इथं ते गार घालायचं. गरम किंवा वितळलेलं लोणी पिठात सगळीकडे मुरतं आणि भाजल्यावर घट्ट पापडी होते. गार लोण्याचे कण मात्र पिठात वेगवेगळे राहतात. ओव्हनमध्ये ते वितळले की त्यांच्या जागी बारीक पोकळ्या होतात, आणि म्हणूनच चुरा दाताखाली कुरकुरतो, दगडासारखा लागत नाही.

अडचण आपल्या उन्हाळ्याची आहे. इंग्लंडच्या स्वयंपाकघरात लोणी बोटांनी चोळायला दहा मिनिटं मिळतात, साताऱ्यात मार्चच्या दुपारी दोनसुद्धा मिळत नाहीत. म्हणून हे काम सकाळी करा. बटरची वडी अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा आणि किसणीच्या मोठ्या भोकांवर थेट पिठात किसा. मध्येमध्ये किसावर पीठ भुरभुरवत जा म्हणजे तो एकमेकांना चिकटत नाही. मग बोटांच्या टोकांनी, तळहात न लावता, चिमटीत धरून सोडून चोळा. तळहात गरम असतो. लोणी चकाकायला लागलं की ते वितळतंय असं समजा आणि परात दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

जाड्या रव्यासारखं दिसायला लागलं की साखर, ओट्स आणि शेंगदाणे घालून हातानं वरखाली करा. आता कसोटी. मूठभर घेऊन दाबा. मुटका वळला पाहिजे आणि बोटानं टोचल्यावर तो फुटला पाहिजे. पहिल्यांदा मी केलं तेव्हा सासूबाई शेजारी उभ्या होत्या. क्रंबल हे नावही त्यांनी त्या दिवशीच ऐकलेलं, पण परातीत हात घालून म्हणाल्या, "मोहन कमी पडलंय गं, मुटका वळत नाही." बरोबर होतं. मी बटर मोजून नाही, अंदाजानं घेतलं होतं. मुटका वळत नसेल तर आणखी एक चमचा बटर किसा. वळून तसाच घट्ट राहत असेल तर दोन चमचे कोरडे ओट्स घाला.

शेवटी थोडा चुरा मुठीत दाबून हरभऱ्यापासून बोराएवढ्या गुठळ्या करा आणि बाकीच्यात सोडा. आपल्याला गुठळी म्हणजे चूक वाटते, पण इथं ती मुद्दाम हवी. सगळा चुरा एकसारखा बारीक असला तर तो रसात बसतो आणि त्याचा लगदा होतो. गुठळ्या वर तरंगतात आणि भाजतात.

घरचं पांढरं लोणी वापरायचं असेल तर त्यात पाणी जास्त असतं. पुन्हा पुन्हा दाबून पाणी काढा, मग गार करा. तूपही चालतं. रवाळ, फ्रिजमध्ये घट्ट केलेलं ८५ ग्रॅम पुरे, कारण तुपात पाणी नसतंच. मग चुरा नानकटाईच्या वळणावर जातो. वाईट नाही, पण ओट्सबरोबर मला बटरच आवडतं.

हा कच्चा चुरा पिशवीत घालून फ्रीझरमध्ये महिनाभर राहतो. मी नेहमी दुप्पट करते. पाहुणे आले की फक्त फळ चिरायचं.

भाजणं

ओटीजी (घरचा छोटा विजेचा ओव्हन) १८० अंशांवर, वरचा आणि खालचा दोन्ही रॉड लावून, पंधरा मिनिटं आधी तापवा. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर १७० ठेवा, पंख्यामुळे वरून लवकर रंग येतो.

फळ भांड्यात पसरा. वर चुरा मुठीनं भुरभुरवा आणि दाबू नका. दाबला की वाफ कोंडते आणि खालचा थर कच्च्या पिठासारखा राहतो. कडांना थोडी जागा मोकळी सोडा म्हणजे रस उकळताना दिसतो. भांड्याखाली एक ट्रे ठेवा. रस उतू गेला तर ओव्हनच्या तळाशी जळून धूर करतो. जाळी मधल्या खाचेत.

३५ ते ४० मिनिटं लागतात, पण घड्याळापेक्षा कडा बघा. आधी पातळ गुलाबी बुडबुडे येतात आणि पटकन फुटतात. तेव्हा काढू नका, वरचा रंग कितीही मोह पाडत असला तरी. कॉर्नफ्लॉवर नीट उकळल्याशिवाय रस धरत नाही. बुडबुडे संथ, जाड आणि चकचकीत झाले, पाक उकळतो तसे, की आतलं फळ झालं. तोवर वरचा रंग जास्त होत असेल तर अॅल्युमिनियमची फॉइल सैलसर झाका. उलट रस जमला पण वर फिकटच असेल तर शेवटची तीन मिनिटं नुसता वरचा रॉड ठेवा आणि समोरून हलू नका.

बाहेर काढून अर्धा तास ठेवा. या अर्ध्या तासात रस घट्ट होतो. लगेच वाढलं तर ताटलीत सरबत आणि वर भिजलेला चुरा, एवढंच हाती लागतं. शिवाय उकळत्या फळानं तोंड फार वाईट भाजतं, लहान मुलांना तर बिलकुल देऊ नका.

ओव्हन नसेल तर

कुकरमध्ये मीठ घालून केक करतात तसं करता येईल का, असं हमखास विचारतात. फळ शिजेल, पण झाकणाखाली वाफ कोंडून चुरा कधीच कुरकुरीत होणार नाही. त्यापेक्षा दोन्ही वेगळं करा. जाड बुडाच्या कढईत चुरा अगदी मंद आचेवर, शिऱ्याला रवा भाजतो तसा, बारा-पंधरा मिनिटं हलवत भाजा. कच्च्या पिठाचा वास जाऊन दाणे आणि ओट्सचा खमंग वास आला की ताटात पसरून गार करा. गार झाल्यावरच तो कुरकुरीत होतो. स्टीलच्या पातेल्यात कैरी आणि साखर दोन चमचे पाण्यावर पाच-सात मिनिटं शिजवा. मग स्ट्रॉबेरी घाला, रस दाटला की उतरवा. वाटीत गरम फळ, वर चुरा, आणि लगेच खायला बसा. ओव्हनमधल्यासारखं दोन्ही एकजीव होत नाही, पण हॉस्टेलमधल्या मुलींनी गॅसच्या एका शेगडीवर केलेलं मी खाल्लंय आणि दुसऱ्यांदा घेतलंय.

रस फार होण्याची तक्रार सगळ्यात जास्त येते. त्यावर आमच्या घरचा तोडगा म्हणजे मूठभर सांगलीकडचे बेदाणे. फळाच्या तळाशी टाकले की ते रस पिऊन टरारतात, आणि कॉर्नफ्लॉवर वाढवायची गरज पडत नाही. कॉर्नफ्लॉवर जास्त झालं की फळ खळीसारखं लागतं. बेदाणे घातले तर साखर एक चमचा कमी.

सोबत काय

तिकडे इंग्लंडमध्ये गरम कस्टर्ड ओततात. आपल्याकडे घट्ट साय सगळ्यात छान, फ्रिजमधली गार आणि साखर न घातलेली. व्हॅनिला आइस्क्रीमही चालतं. बासुंदी नको, गोडावर गोड होतं. आणि गरम क्रंबलमध्ये नुसतं दूध ओतू नका, कैरीमुळे ते फाटतं. सायसुद्धा वर ठेवायची, कालवायची नाही.

उरलं तर झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस राहतं. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं तर चुरा मऊ पडतो. ओटीजीत १६० अंशांवर बारा मिनिटं द्या, नाहीतर जाड तव्यावर स्टीलची वाटी ठेवून मंद आचेवर गरम करा आणि वरून राखून ठेवलेला कोरडा भाजका चुरा पसरा. माझी मुलगी ते गरमसुद्धा करत नाही. सकाळी फ्रिजमधून काढते, वर दोन चमचे घट्ट दही घालते आणि कॉलेजला जायच्या आधी उभ्या उभ्या संपवते.